चपलांपाशी बसणारा माणूस

जर्मनीला जाऊन आलेली माणसं बर्लिन सांगतात, म्युनिक सांगतात, फार तर एखादा राजवाडा सांगतात. श्पायर कुणी सांगत नाही. मी ते नाव पहिल्यांदा ऐकलं ते निखिलच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या तोंडून, आणि त्याने ते सुचवलं ते तरी कशासाठी, तर "जवळ आहे, हरवलीस तरी आणायला येता येईल" म्हणून.

निखिल लुडविग्सहाफेनला केमिकल कंपनीत इंजिनिअर आहे. तिथले कारखाने असे अवाढव्य की एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसत नाही. आमचे हे कराडजवळच्या साखर कारखान्यात फिटर होते. ते असते तर रोज सकाळी त्या चिमण्या न्याहाळत उभे राहिले असते आणि कुठल्या पाइपातून काय जातंय याचे अंदाज बांधत बसले असते. पण ते मागच्या वर्षी गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर मुलाने तिकीट पाठवलं आणि मी घराला कुलूप लावून तीन महिन्यांच्या व्हिसावर तिकडे गेले.

व्हिसा संपत आला तसा परत गेल्यावर कुठे राहायचं हा प्रश्न निघाला. निखिल आणि पुण्यातली माझी लेक माधुरी यांनी फोनवर आपसात ठरवून टाकलं होतं की आईने पुण्याला राहायचं आणि कराडचं घर भाड्याने द्यायचं. मला विचारलं नाही असं नाही. पण "चहा घेणार ना" म्हणत कप हातात ठेवतात, तसं विचारलं. मला कराडलाच राहायचं होतं. मात्र राहता येईल का, हे माझं मलाही ठाऊक नव्हतं. माहेरच्या भरल्या घरातून मी सासरच्या भरल्या घरात आले. नोकरी केली ती नगरपालिकेच्या वाचनालयात, घरापासून हाकेच्या अंतरावर. एकटीने एखादा अख्खा दिवस काढलाय असं मला आठवेना.

म्हणून मनाशी पैज लावली. परक्या गावात एक दिवस एकटीने काढायचा. निभावला तर कराड. नाही निभावला तर पुणे, आणि मग कुरकुर करायची नाही.

निघताना

रविवार होता. माझ्या नातीला, इराला, मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं होतं, म्हणजे तिच्या आईबापांनाही जायचं होतं. मी म्हटलं, मी श्पायरला जाते. मग सूचनांचा पाऊस सुरू झाला.

"आई, उमश्टाइगन नाहीये, म्हणजे गाडी बदलायची नाही. डायरेक्ट एस-बान आहे, इथली लोकल," निखिल स्टेशनवर मला चौथ्यांदा सांगत होता. "आल्झो, हे बघ, श्पायर नावाचं पहिलं स्टेशन आलं की उतरू नकोस. हाउप्टबानहोफला, मोठ्या स्टेशनला उतर. आणि चर्चमध्ये बूट काढायचे नाहीत. इथे कोणी काढत नाही."

सून मृण्मयीने "अहो आई, फोन चार्ज आहे ना?" विचारून स्वतःच तपासला. इराने "च्युस, आजी" म्हणून हात हलवला. तिला माझं सगळं मराठी कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. दोन-अडीच महिने आम्ही दोघी अशाच बोलत होतो आणि आमचं कुठे अडलं नव्हतं.

माझ्या पायात निखिलने घेऊन दिलेले नवे पांढरे बूट होते. वर नऊवार नसली तरी पाचवार साडी, स्वेटर आणि खाली ते बूट, असं माझं ध्यान होतं. आरशात बघून मला स्वतःलाच हसू आलं. ह्यांनी काय म्हटलं असतं ते ऐकूही आलं.

वेशीपासून चर्चपर्यंत

श्पायरला अजून गावाची वेस आहे. उंच, दगडी, वर घड्याळ. वेशीतून आत शिरलं की एक रुंद रस्ता सरळ मोठ्या चर्चपर्यंत जातो. पूर्वी याच रस्त्याने बादशहा यायचे म्हणे. मी गेले तेव्हा नवरा-बायकोच्या जोड्या चालल्या होत्या. म्हातारी जोडपी हातात हात घालून, तरुण जोडपी एकाच कोनातलं आइसक्रीम खात, मधल्या वयाची न बोलता, पण बरोबर. मी एकटं माणूस शोधत होते. एक मिळाला, पण तो काशाचा निघाला, पाठीवर ओझं आणि हातात काठी घेतलेला यात्रेकरूचा पुतळा.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. शटर नसतात, काचेआड माल नीट मांडलेला असतो, दिवेसुद्धा लागलेले असतात, फक्त विकणारं कुणी नसतं. आपल्याकडे रविवारी बाजार अंगावर येतो. तिथे सगळं दिसतं आणि काही मिळत नाही. वेशीचा फोटो काढला तर त्यात माझा अंगठा आला. दुसरा काढला तर वेस अर्धी आली. "जरा आमचा फोटो काढता का" म्हणावं असं वाटलं, आणि मग 'आमचा' कुणाचा, हे मनात येऊन फोन पिशवीत टाकला.

मोठं चर्च तांबूस दगडाचं आहे, हजार वर्षं जुनं. समोर चौकात एक अजस्र दगडी कुंड आहे, आपल्या गुऱ्हाळावरच्या काहिलीसारखं. नवा बिशप आला की ते वाइनने भरतात आणि गावातले लोक पेले घेऊन येतात, असं निखिलने सांगितलं होतं. मला ते फार आवडलं. नवा साहेब आल्यावर गावाला पाजायची पद्धत कुठे का असेना, आहे म्हणायची.

आत प्रार्थना चालू होती. मी शेवटच्या बाकावर बसले. ऑर्गन वाजला तो आधी पायाखाली कळला आणि मग कानाला. सगळ्यांच्या पायात बूट होते, माझ्याही. हात जोडले खरे, पण बूट घालून केलेला नमस्कार काही केल्या पोचल्यासारखा वाटेना. मध्येच सगळे वळून एकमेकांशी हस्तांदोलन करू लागले. शेजारच्या एका जाडजूड बाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेऊन काहीतरी म्हटलं. मला शब्द कळले नाहीत. हात ऊबदार होता. तिने तो सोडला तेव्हा मला उगाच वाईट वाटलं.

दशम्या

चर्चच्या मागे मोठी बाग आहे. चेस्टनटच्या झाडांखाली बाकावर बसून मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. येताना स्टेशनवरच्या बेकरीतून एक ब्रेझेल, म्हणजे गाठ मारल्यासारखा पाव, घेतलं होतं. ते दिसायला गमतीदार असतं, पण त्याच्यावर खडेमीठ असं काही लावतात की मी मीठ झटकून अर्धं ब्रेझेल पक्ष्यांना दिलं. पक्ष्यांनीही नाकारलं.

निखिलचा फोन आला. सगळं ठीक आहे ना? ठीक आहे, मी म्हटलं. मग थोड्या वेळाने मृण्मयीचा आला, जेवलात का म्हणून. जेवले. फोन ठेवल्यावर बाग आधीपेक्षा जास्त शांत वाटली. डबा उघडला की पहिली दशमी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची माझी इतक्या वर्षांची सवय. त्या दिवशी पहिली दशमी मी काढली आणि हात तसाच थोडा वेळ पुढे राहिला.

आता ह्यांच्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं.

आमचे हे देव मानत नव्हते, पण मला प्रत्येक देवळात घेऊन जायचे. नरसोबाची वाडी, तुळजापूर, अक्कलकोट, थेट काशीपर्यंत. देवळाच्या दारापर्यंत यायचे आणि म्हणायचे, "जा तू, मी चपला सांभाळतो." मग आमच्याच नव्हे, बरोबरच्या सगळ्या बायकांच्या चपला त्यांच्याभोवती गोळा व्हायच्या आणि हे मधोमध पेपर पसरून बसायचे. मी तासभर रांगेत घामाघूम होऊन बाहेर यावं, तर हे ताजेतवाने. फुलवालीच्या मुलीचं कुठे ठरलंय, कुठल्या पुजाऱ्याने मोटरसायकल घेतली, कुठला कुत्रा कुणाचा, ही सगळी बातमी तयार. "तुझा देव होता ना जागेवर? माझ्याकडे बघ किती घडलं," असं चिडवायचे. देवळातून चपला चोरीला गेल्या की पीडा गेली म्हणतात. ह्यांच्या कारकिर्दीत आमची पीडा कधी गेलीच नाही, कारण एक चप्पल कधी हलली नाही.

गल्लीतलं चर्च

नदी पाहिली. ऱ्हाइन मोठी आहे, तिच्यावरून लांबलचक मालवाहू नावा जातात, पण तिला घाट नाही. पाण्यापर्यंत पायऱ्यांनी उतरून पाय बुडवावेत अशी सोय नाही. प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयनेत पाय सोडून बसलेल्या बाईला काठावर उभं राहून नदी बघणं म्हणजे पाहुण्यासारखं वाटतं.

परत येताना रस्ता चुकले. चुकले म्हणजे फोन एक सांगत होता आणि गल्ली दुसरीकडे जात होती. त्या गल्लीत एक लहानसं चर्च होतं. दार अर्धवट उघडं, आत मेणबत्त्यांचा उजेड. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ तांबड्या केसाळ कुत्र्याला घेऊन बसले होते. बाकी चिटपाखरू नव्हतं.

सकाळचा तो न पोचलेला नमस्कार मनात डाचत होता. म्हटलं, इथे कोण बघतंय. दाराजवळ भिंतीला लागून एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्यावर जर्मनमध्ये काहीतरी लिहिलेलं. आत काही पुस्तकं, एक टेबलावरचा दिवा, कप, आणि खोक्याला टेकून लहान मुलाच्या बुटांची एक जोडी. मला बरं वाटलं. म्हणजे बूट काढणारं माझ्यासारखं आणखी कुणीतरी आत आहे. मी माझे पांढरे बूट त्या लहान बुटांशेजारी नीट जोडून ठेवले आणि मोज्यांवर आत गेले.

आत एक म्हाताऱ्या बाई मेणबत्ती लावत होत्या. लहान मूल कुठेच नव्हतं. फरशी इतकी गार की ती पोटऱ्यांपर्यंत चढली, पण नमस्कार पोचला. त्या बाईंनी त्यांच्या मेणबत्तीवरून मला माझी लावून दिली. मी ह्यांच्यासाठी लावली. त्यांना चाललं नसतं, पण ते बाहेर होते.

हे मी खरंच असं मनात म्हटलं. ते बाहेर आहेत. तेव्हा मला त्यात काही चुकल्यासारखं वाटलंही नाही. दार ओढून बाहेर आले, सवयीने खाली बघितलं, आणि खाली बूट नव्हते.

लहान मुलाचे होते. माझे नव्हते.

मी खोक्यात बघितलं, खोक्यामागे बघितलं. बाकावरचे गृहस्थ उठून आले. ते इंग्रजी बोलत होते, माझ्यासारखंच, शब्द शोधत शोधत. त्यांच्याकडून जे कळलं ते असं. घरातलं नको झालेलं सामान जर्मन लोक खोक्यात भरून दाराबाहेर ठेवतात आणि वर लिहितात की ज्याला हवं त्याने घेऊन जा. एक मुलगी सायकलवरून आली, तिने माझे बूट घालून बघितले, अगदी बरोबर बसले, ती खूश झाली आणि यांच्याकडे बघून हात हलवत निघून गेली.

"मीही हात हलवला," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका पडला होता की मलाच त्यांची समजूत घालावीशी वाटली. पण मी त्या चर्चच्या पायरीवर बसले आणि रडले. बुटांसाठी रडले नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा चपला काढून आत गेले आणि बाहेर कुणी नव्हतं, हे मला त्या रिकाम्या जागेकडे बघून कळलं. तेराव्याला कळलं नव्हतं, वर्षश्राद्धालाही नाही.

कुत्रा येऊन माझ्या पायांपाशी बसला. मग त्या मेणबत्तीवाल्या बाई बाहेर आल्या. ती त्या गृहस्थांचीच बायको, रेनाटे. नवऱ्याचं नाव हेर्मान आणि कुत्र्याचं बेनो. रेनाटेबाईंनी नवऱ्याकडून सगळं ऐकून घेतलं, त्याला जर्मनमध्ये दोन शब्द सुनावले असावेत, आणि पदर खोचावा तशा बाह्या सरसावून खोक्यात हात घातला. तळाशी फेल्टच्या, दाबलेल्या लोकरीच्या सपाता निघाल्या. तपकिरी, घरात घालायच्या, पुरुषी, माझ्या पायांना चांगल्याच मोठ्या. दुसऱ्याच्या वहाणा घालू नयेत असं आपल्याकडे म्हणतात. पण रविवारी त्या गावात तेवढंच पादत्राण मला मिळण्यासारखं होतं. मी घातल्या. पाय आतल्या आत सरकत होते, पण ऊब होती.

त्यांनी मला घरी कॉफीला बोलावलं. मी नको म्हटलं, गाडीची वेळ होती. मग बोलता बोलता मी विचारलं की हे आत का येत नाहीत, देव मानत नाहीत का. हेर्मान हसले. म्हणाले, मानतो, पण बेनोला आत मनाई आहे आणि त्याला एकट्याला बांधून ठेवलं की तो रडतो. दर रविवारी ही आत जाते, मी बाहेर बसतो. बेनोच्या आधी दुसरा कुत्रा होता, तेव्हाही असंच.

मी हात पुढे केला. त्यांना आधी कळलं नाही. मग मी कुत्र्याच्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हटलं, "तुम्ही दोघं जा. मी बसते."

त्यांनी बायकोकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं, आणि पट्टा माझ्या हातात दिला. रेनाटेबाईंनी त्यांचा कोट सारखा केला. दोघं आत गेले.

मी त्यांच्या जागी बाकावर बसले. जन्मात पहिल्यांदा बाहेर बसले होते. म्हटलं, बघू तरी, ह्यांना इतकं काय दिसायचं. एक बाई खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होती. ते खालच्या सायकलवर ठिबकत होतं. चेस्टनटचं एक फळ टपकन पडलं. एका माणसाने येऊन खोक्यातला दिवा उचलला, हलवून पाहिला आणि घेऊन गेला. हे सगळं घरी सांगण्याजोगं होतं, मी मनात जुळवतही होते. पण बेनोला यातलं काही दिसत नव्हतं. तो कान टवकारून त्या अर्धवट उघड्या दाराकडे बघत होता. कुंड्या, सायकल, चेस्टनट, कशाकडेही त्याने मान वळवली नाही. आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा दाराकडेच बघत होते.

मला वाटायचं, हे बाहेर गमती बघत बसतात. गमती त्यांनी मला सांगण्यापुरत्या गोळा केलेल्या असणार. बाकीचा वेळ ते गर्दीत माझी साडी शोधत असतील. घामाघूम होऊन बाहेर आले की कपाळ पुसत मी आधी चपला शोधायचे, त्यांच्याकडे बघायचेही नाही. एकटं कसं बसायचं ते त्या माणसाला येत होतं. मला विचारायचं राहून गेलं.

दार उघडलं. हेर्मान आणि रेनाटे हातात हात घालून बाहेर आले आणि बेनोने मला ओढतच त्यांच्याकडे नेलं. त्या दारातून माझं कुणी येणार नव्हतं. पट्टा परत देताना तेवढं जाणवलं, आणि ते सहनही झालं.

परत

निखिल स्टेशनवर आला होता. त्याची नजर सरळ माझ्या पायांवर गेली.

"आई, बूट कुठायत?"

"गेले. सांभाळायला कुणी नव्हतं."

लहानपणी देवळात कंटाळा आला की तोही बापाशेजारी चपलांपाशी जाऊन बसायचा. गाडीत बसेपर्यंत त्याने माझी पिशवी धरली होती. मी त्याला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं की माधुरीला कळव, मी कराडलाच राहणार. त्याने विचारलं, एकटीला जमेल का. मी म्हटलं, आजचा दिवस माझा काही निभावला नाही, रस्ता चुकले, बूट घालवून बसले, रस्त्यावर रडले. पण तुझे बाबा इतकी वर्षं एकटे बसत होते, आणि मी बाहेर आले की हसायचे. जमत असणार.

त्या सपाता मी कराडला घेऊन आले. सामानात वजन फार भरत होतं, तरी आणल्या. दाराबाहेर ठेवते. एकट्या बाईच्या दारात पुरुषाच्या वहाणा असलेल्या बऱ्या, असं शेजारच्या काकू म्हणाल्या, त्यांना वाटलं मी त्यासाठीच ठेवल्यात. परवा गॅसवाला नवीन आला होता. त्याने सपातांकडे बघितलं आणि आत डोकावून विचारलं, "साहेब आहेत का घरात?"

मी म्हटलं, "घरात नाहीत. बाहेर बसलेत."